दुखण्याच्या आधीचा प्रश्न

अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याला तिकडे सगळे नुसते ‘व्हीए’ म्हणतात. या खात्याच्या दवाखान्यात ‘होल हेल्थ’ या संपूर्ण माणसाकडे पाहणाऱ्या पद्धतीने उपचार घ्यायला आलेल्या माणसाच्या हाती बहुधा आधी एक कागद पडतो. त्याचे नाव ‘पर्सनल हेल्थ इन्व्हेंटरी’, म्हणजे आपल्या तब्येतीची आपणच केलेली मोजदाद. आयुष्यात खरोखर महत्त्वाचे काय वाटते, असे तो कागद सुरुवातीलाच विचारतो आणि पाठोपाठ, आनंद कशाने होतो, हेही. मग शरीर, मन आणि रोजचे जगणे या तिन्हींना १ ते ५ गुण द्यायचे असतात. १ म्हणजे हलाखी, ५ म्हणजे उत्तम. कोणत्या गुडघ्यात कळ येते आणि ती केव्हापासून येते, याला या कागदावर रकानाच नाही.

‘संपूर्ण माणसावर उपचार’ हे शब्द आज कुठल्याही वेलनेस सेंटरच्या पाटीवर सापडतात. तिथे ते पैसेवाल्या गिऱ्हाइकासाठी असतात आणि त्यांचा हिशेब कोणी मागत नाही. व्हीएची गोष्ट वेगळी आहे. ९० लाखांच्या आसपास माजी सैनिकांची नोंदणी, १७० च्या घरात मोठी रुग्णालये, सारा खर्च सरकारी तिजोरीतून आणि वर संसदेची नजर. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात एकेका माणसाला त्याच्या मापाचा उपचार देता येतो का, हे इथे उघड्यावर पाहता येते.

विचाराचे मूळ जुने आहे. रॉचेस्टर विद्यापीठातले जॉर्ज एंगल हे वैद्यकतज्ज्ञ आणि मनोविकारांचे अभ्यासक. १९७७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी मांडले की, रोग फक्त पेशींत आणि रसायनांत शोधणारे वैद्यक अपुरे आहे. शरीर, मन आणि समाज या तिन्ही अंगांनी आजाराकडे पाहायला हवे. या लेखाचा दाखला वैद्यकीय शिक्षणात पुढे कायम दिला गेला, दवाखान्यातली भेट मात्र होती तशीच राहिली. १९९० च्या दशकात अँड्र्यू वाइल यांनी ॲरिझोना विद्यापीठात एकात्मिक वैद्यकाचा अभ्यासक्रम उभा केला. त्याच्या पहिल्या कार्यकारी संचालक ट्रेसी गॉडेट या स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या. तिथून त्या ड्यूक विद्यापीठात गेल्या आणि २०११ मध्ये व्हीएने रुग्णकेंद्री सेवेसाठी स्वतंत्र कार्यालय काढले, तेव्हा त्याची धुरा त्यांच्याकडे आली.

हे कार्यालय कागदावरच राहिले असते. त्याला बळ मिळाले ते एका मोठ्या चुकीमुळे. १९९९ मध्ये व्हीएने वेदनेला ‘पाचवे जीवनचिन्ह’ मानायचे ठरवले. नाडी, ताप, श्वास आणि रक्तदाब यांच्या जोडीला प्रत्येक भेटीत शून्य ते दहापैकी वेदनेचा आकडा विचारला जाऊ लागला. हेतू चांगला होता. पण आकडा विचारला की तो खाली आणण्याची जबाबदारी अंगावर येते, आणि पंधरा मिनिटांच्या भेटीत आकडा खाली आणणारी एकच गोष्ट डॉक्टरच्या हाताशी होती, ती म्हणजे अफूच्या जातीची वेदनाशामके. चार प्रमुख ओपिऑइड औषधांच्या व्हीएतल्या चिठ्ठ्या बारा वर्षांत २७० टक्क्यांनी वाढल्याचे २०१३ मध्ये शोधपत्रकारांनी उघड केले. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिनमधल्या टोमा इथल्या व्हीए रुग्णालयात जेसन सिम्काकोस्की हा पस्तीस वर्षांचा माजी मरीन सैनिक दाखल असतानाच अनेक औषधांच्या एकत्रित विषबाधेने दगावला. २०१६ मध्ये व्यसनमुक्तीचा मोठा केंद्रीय कायदा झाला, त्यातला व्हीएविषयीचा भाग जेसनच्या नावाने ओळखला जातो. औषधांवर लगाम घालतानाच पूरक आणि एकात्मिक उपचारांचा विस्तार करण्याची तजवीजही या कायद्यात आहे. २०१७ च्या मे महिन्यात व्हीएने ११३७ क्रमांकाचा आदेश काढला आणि त्यात मंजूर उपचारांची यादी दिली: ॲक्युपंक्चर, मालिश, योग, ध्यान, ताई ची, बायोफीडबॅक, संमोहन आणि कल्पनाचित्रण. त्यानंतर देशभरातून १८ केंद्रे आघाडीची म्हणून निवडली गेली आणि ‘होल हेल्थ’ तिथे पूर्ण स्वरूपात राबवायचे ठरले.

यादीवर पुष्कळ चर्चा झाली. त्या मानाने मोजदादीच्या त्या कागदाकडे फार कमी लोकांनी पाहिले, आणि व्हीएच्या साऱ्या खटाटोपात मोलाचा ऐवज तोच आहे.

कागदाच्या मधोमध एक वर्तुळ आहे. केंद्रात ‘मी’. त्याभोवती सजगतेचे कडे. त्याबाहेर आठ पाकळ्या: शरीराची हालचाल, भोवतालची जागा, स्वतःची वाढ, खाणेपिणे, झोप आणि विसावा, घरची माणसे-मित्र-सहकारी, अंतरात्मा, मनाची शक्ती. डॉक्टर, नर्स, गोळ्या, शस्त्रक्रिया हे सगळे या पाकळ्यांच्याही बाहेरच्या कड्यात येते. त्याबाहेर समाज. रुग्णालयानेच छापलेल्या चित्रात रुग्णालयाला इतक्या कडेला बसवलेले सहसा दिसत नाही.

प्रत्येक पाकळीसाठी दोन आकडे लिहायचे. आज मी कुठे आहे, हा एक, आणि कुठे असावेसे वाटते, हा दुसरा. कागदाचे मर्म या दुसऱ्या आकड्यात आहे. एखाद्याने झोपेला २ गुण दिले आणि हवे तिथे ३ लिहिले, तर त्याला गाढ झोपेची आस नाही, फक्त रात्री दोनदा कमी जाग यावी, एवढेच मागणे आहे. दुसऱ्याने खाण्यापिण्याला २ देऊन पुढेही २ च लिहिले, तर त्याचा मधुमेह कितीही चढलेला असो, आहाराचा उपदेश त्याच्या कानावरून जाणार, हे पहिल्याच दिवशी कळते. शेवटी, सगळे नीट झाले तर मी कसा असेन, याचे चित्र आपल्या शब्दांत लिहायचे आणि सुरुवात कुठून करावीशी वाटते, ते सांगायचे.

मराठी वाचकाला इथे चरकसंहितेतली दशविध परीक्षा आठवेल. प्रकृती, विकृती, सार, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती, वय अशा दहा अंगांनी रोगी पाहावा, हे विमानस्थानात सांगितलेलेच आहे. माणसागणिक उपचार बदलतो, ही जाण दोन्हीकडे एकच आहे. फरक परीक्षकाचा. तिथे वैद्य पारखतो. इथे पारख करणारा आणि पारखला जाणारा एकच असतो आणि वैद्य ती पारख वाचायला बसतो.

पुढचा प्रवास तीन अंगांनी चालतो. पहिले अंग ‘पाथवे’, म्हणजे वाट. इथे पांढरा कोट नसतो. गाठ पडते ती प्रशिक्षित हेल्थ कोचशी किंवा ‘पीअर’शी, जो स्वतः माजी सैनिक असतो आणि अशाच एखाद्या दुखण्यातून गेलेला असतो. काही आठवडे दहा-बारा जणांचा गट भरतो, कागद भरून होतो, त्यावर बोलणे होते. युद्ध पाहिलेला माणूस डॉक्टरसमोर जे बोलत नाही, ते शेजारच्या खुर्चीतल्या सैनिकासमोर बोलतो. साऱ्या व्यवस्थेतला स्वस्त आणि बहुधा सर्वांत गुणकारी भाग हाच असावा. दुसऱ्या अंगात योग, ताई ची, स्वयंपाकाचे वर्ग यांसारख्या गोष्टी येतात; त्या शिकायच्या आणि घरी न्यायच्या. तिसरे अंग नेहमीच्या डॉक्टरांचे. तेही आधी तो कागद वाचून मग तपासायला लागतात, निदान तसे अपेक्षित असते.

समजा, साठी ओलांडलेला एक माणूस आहे. कंबर गेलेली, दहा वर्षे ओपिऑइड गोळ्या चालू. वेदनेचा आकडा विचारला तर तो दर वेळी ८ सांगणार. कागदावर मात्र त्याने लिहिले आहे की, नातीबरोबर जमिनीवर बसून खेळायचे आहे. आता लक्ष्य बदलले. ८ चे ५ करणे मागे पडले. जमिनीवर बसणे आणि उठणे हे काम झाले. फिजिओथेरपिस्ट नितंबांचे आणि मांड्यांचे स्नायू पाहील. योगशिक्षक खुर्चीला धरून खाली जायला शिकवील. कोच पहिल्या आठवड्याचे उद्दिष्ट ठरवून घेईल, तेही मोजता येईल असे: रोज दोनदा, पलंगाचा आधार घेऊन, गुडघ्यावर. डॉक्टर गोळीचा डोस थोडाथोडा उतरवत नेईल, कारण गुंगीत असलेल्या आजोबांबरोबर नात खेळत नाही आणि हे कारण आजोबांना पटते. या सगळ्यांची मिळून जी योजना होते ती ‘पर्सनल हेल्थ प्लॅन’ म्हणून संगणकावरच्या केसपेपरात जाते. गोळी कमी करण्याचे भांडण डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात व्हायचे, ते इथे उरत नाही. दोघेही एकाच बाजूला, नातीच्या बाजूला, उभे असतात.

ओपिऑइडशिवाय वेदना आटोक्यात राहणार नाही, ही भीतीही तपासली गेली आहे. मिनियापोलिसच्या व्हीए केंद्रात एरिन क्रेब्स यांनी कंबर, खुबा आणि गुडघा यांच्या जुनाट दुखण्याचे २४० रुग्ण वर्षभर पाहिले. निम्म्यांना ओपिऑइड, निम्म्यांना साधी वेदनाशामके. २०१८ मध्ये निष्कर्ष आला: रोजच्या हालचालीत दोन्ही गट सारखेच, आणि वेदना साध्या औषधांच्या गटात किंचित कमीच. योगाची बाजूही पोकळ नाही. एरिक ग्रोसल यांनी सॅन डिएगोत जुनाट कंबरदुखीच्या १५० माजी सैनिकांवर केलेल्या चाचणीत योग करणाऱ्यांच्या हालचालीत सहा महिन्यांनी स्पष्ट फरक दिसला. त्याआधी, व्हीएच्या बाहेर, वेस्ट व्हर्जिनियात किम्बर्ली विल्यम्स यांनी कंबरदुखीवर ज्या चाचण्या केल्या त्या पुण्याच्या अय्यंगार पद्धतीच्या होत्या. दोर, पट्टे, खुर्च्या आणि घोंगड्यांचा आधार घेऊन आखडलेल्या शरीरालाही आसन साधून देणारी ही पद्धत दुखणाईत माणसासाठी किती सोयीची आहे, हे तिथे दिसले.

खरे भांडण झाले ते ॲक्युपंक्चरच्या सुईवरून.

१९५० च्या दशकात ल्यों शहरातल्या पॉल नोज्ये या डॉक्टरांकडे असे काही रुग्ण आले, ज्यांच्या कानावर एका गावठी उपचार करणाऱ्या बाईने डाग दिला होता आणि त्यांची सायटिका थांबली होती. त्यावरून नोज्ये यांनी कानावर अख्ख्या शरीराचा नकाशा मांडला, उलट्या टांगलेल्या गर्भासारखा. २००१ मध्ये अमेरिकी हवाई दलातले कर्नल डॉ. रिचर्ड निम्त्झो यांनी त्यातले पाच बिंदू निवडून ‘बॅटलफील्ड ॲक्युपंक्चर’ बसवले. दोन मिलिमीटरच्या आसपासची, बाणाच्या टोकासारखी सुई कानात टोचायची, रुग्णाला चालायला लावायचे, वेदना विचारायची, मग पुढचा बिंदू. सुया तशाच राहतात आणि काही दिवसांत आपोआप गळून पडतात. शिकायला सोपे, वेळ थोडा, कपडे काढायला नकोत. लष्कर आणि व्हीए मिळून दोन हजारांहून अधिक डॉक्टर-नर्सना हे शिकवले गेले.

याला जाहीर विरोध केला तो हवाई दलातल्याच आणखी एका निवृत्त कर्नल डॉक्टरने. हॅरिएट हॉल या फ्लाइट सर्जन होत्या. हवाई दलातल्या बायकांना अशा जागा सहजी मिळत नव्हत्या त्या काळात त्यांनी त्या मिळवल्या होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी अवैज्ञानिक उपचारांविरुद्ध लेखणी चालवली, ती २०२३ च्या जानेवारीत मृत्यू येईपर्यंत. त्यांचा आक्षेप साधा होता. कानावरच्या नकाशाला शरीररचनेत आधार नाही, आणि भरवसा ठेवावा अशा चाचण्याही नाहीत. २०२० मध्ये व्हीएच्याच ११,४०६ रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. तीन-चतुर्थांशांहून अधिक लोकांची वेदना टोचल्याबरोबर कमी झाली होती, सरासरी अडीच अंकांनी. आकडा मोठा आहे, पण तुलनेला दुसरा गटच नाही, आणि वेदना विचारली ती सुई टोचणाऱ्यासमोर, तिथल्या तिथे. हॉल यांचे म्हणणे याने खोडले जात नाही. त्यात भर अशी की, सुई पुन्हा त्याच शून्य ते दहाच्या आकड्यामागे लागते, ज्याने १९९९ पासून घात केला. वर्तुळाच्या कागदाने जो आकडा बाजूला सारला, तो कानातून परत आत आला.

एकूण पद्धतीचा हिशेब २०२० च्या फेब्रुवारीत आला. बार्बरा बोकूर यांच्या गटाने १८ केंद्रांमधले जुनाट स्नायू-सांधेदुखीचे माजी सैनिक पाहिले. ‘होल हेल्थ’च्या सेवा भरपूर वापरणाऱ्यांचा ओपिऑइडचा वापर ३८ टक्क्यांनी उतरला, अजिबात न वापरणाऱ्यांचा ११ टक्क्यांनी. यातही सावध राहायला हवे. जो स्वतःहून गटात जाऊन बसतो, त्याची गोळी सोडायची तयारी आधीच झालेली असू शकते. तरी, ज्या खात्यात चिठ्ठ्या २७० टक्क्यांनी वाढल्या होत्या तिथला हा उतार क्षुल्लक म्हणता येत नाही.

२०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या समितीने ही पद्धत साऱ्या देशात न्यावी, अशी शिफारस केली. समितीने पाच आधार सांगितले. सेवा माणूसकेंद्री असावी, सर्वंकष असावी, आजाराच्या उगमाशी जाणारी असावी, उत्तरदायी आणि न्याय्य असावी. पाचवा आधार उपचार करणाऱ्या चमूच्या स्वतःच्या स्वास्थ्याचा आहे. बोकूर यांच्या अहवालातही या कामात गुंतलेल्या कर्मचाऱ्यांमध्ये थकून जाण्याचे आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण कमी दिसले होते. आठ पाकळ्यांचा कागद वाचायला वेळ लागतो, आणि कावलेला डॉक्टर तो वाचत नाही, नुसता स्कॅन करून केसपेपरला जोडतो. म्हणून व्हीएने कर्मचाऱ्यांसाठीही ‘होल हेल्थ’चा स्वतंत्र कार्यक्रम काढला आहे. ही पद्धत शिकायला आलेल्या डॉक्टर-नर्सनाही रुग्णाच्या हाती कागद देण्याआधी तो स्वतःसाठी भरायचा असतो: झोपेला आज किती गुण, हवे किती, आणि सुरुवात कुठून.