मधुमेहाचं औषध त्वचेतून: शिरणं वेगळं, पोहोचणं वेगळं

गिरगावात काय, लालबागमध्ये काय, मधुमेहाची गोळी आता घरोघरी आहे. मग कुणीतरी विचारतंच, "गोळी नको, सुई नको, हाताला चोळायचं जेल नाही का?" प्रश्न रास्त आहे. दादरशेजारच्या माटुंग्याला आयसीटी आहे. जुनी मंडळी तिला अजून यूडीसीटीच म्हणतात. तिथेही त्वचेतून औषध देणाऱ्या मायक्रोइमल्शनवर काम झालेलं आहे.

अडचण कसली, ते आधी बघू. त्वचेचा सर्वांत वरचा थर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाड. मृत पेशी या त्याच्या विटा आणि मधली स्निग्ध द्रव्यं हा चुना. ही भिंत सहसा ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू आत घेत नाही.

आता मायक्रोइमल्शन म्हणजे काय? तेल, पाणी, साबणाच्या जातीचं एक द्रव्य आणि बहुधा त्याला एक मदतनीस. दूधसुद्धा इमल्शनच, पण त्याचे थेंब मोठे, म्हणून ते पांढरं दिसतं. इथे थेंब साधारण १० ते १०० नॅनोमीटरचे, प्रकाशलहरींहून बारीक. म्हणून मिश्रण पारदर्शक. पाण्यात न विरघळणारं औषध त्यात विरघळतं आणि तो चुनाही थोडा सैल होतो.

मग सगळीच औषधं अशी देता येतील? नाही. इन्सुलिनचा रेणू सुमारे ५,८०० डाल्टनचा, म्हणजे फारच मोठा. मेटफॉर्मिन १२९ डाल्टनचं, पण ते दिवसाला ५०० मिलिग्रॅम ते दोन ग्रॅम लागतं. एवढं कातडीतून जायचं कसं? ग्लिमेपिराइड ४९० डाल्टनचं, मात्रा १ ते ८ मिलिग्रॅम. म्हणून संशोधक अशा औषधांकडे वळतात. प्रयोग मात्र बहुतेक कातडीच्या तुकड्यांवर आणि प्राण्यांवर झालेले आहेत.

तर्कशास्त्रात आम्ही आवश्यक अट आणि पुरेशी अट असा भेद करतो. औषध त्वचेत शिरणं ही आवश्यक अट झाली, पुरेशी नव्हे. ते रक्तात ठरलेल्या प्रमाणात आणि संथपणे पोहोचायला हवं. कमी पोहोचलं तर साखर वाढते. जास्त पोहोचलं तर ती एकदम उतरते, आणि त्वचेत साठलेलं औषध जेल पुसल्यावरही झिरपत राहतं.

तेव्हा कुणी असं जेल विकायला आलं, तर तीन गोष्टी विचारा. औषध कोणतं? रक्तात किती पोहोचतं? माणसांवर तपासलंय का? उत्तरं मिळेपर्यंत चालू गोळी किंवा इन्सुलिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.