जुनी विजेची गाडी घ्यावी का?

गाडी घ्यायची ठरली की पुरुषमंडळी ॲव्हरेज, मेंटेनन्सचं बोलणार आणि आपल्याला विचारणार, ‘रंग कोणता आवडतो?’ आमच्याकडे या वेळी तसं झालं नाही. निम्मे पैसे माझ्या भिशीचे आहेत ना!

सासूबाईंचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, नांदेडला. डोंगरकड्याहून अर्धापूरमार्गे जाऊन-येऊन, शहरातली फिराफिर धरून ऐंशी किलोमीटर धरा. परतताना त्यांना एसटीत बसवत नाही. भाऊजींनी २०२३ ची टाटा टियागो ईव्ही सुचवली, सेकंडहँड. मालक पावणेसहा लाख म्हणतोय.

शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘अगं, इन्व्हर्टरसारखी दर तीन वर्षांनी बॅटरी बदलावी लागेल.’ २००१ मध्ये बंगळूरची रेवा आली, तेव्हा ही भीती खरी होती. तिच्यात इन्व्हर्टरसारख्याच शिशाच्या बॅटऱ्या होत्या. आता लिथियमच्या असतात. या गाडीच्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातलं जे आधी येईल तोवरची वॉरंटी आहे. म्हणजे २०३१ पर्यंत. पण मालक बदलल्यावर ती आपल्या नावावर चालते का, हे तोंडी नको, कागदावर बघायचं.

खरी मेख बॅटरीत किती जीव उरलाय याची. मोठी बॅटरी २४ युनिटची. कंपनीने सांगितलं होतं ३१५ किलोमीटर, पण एसी लावून रोजच्या रस्त्यावर दोनशेच्या आतच धरावं. मी भाऊजींना सांगितलं, गाडी फुल्ल चार्ज करून, एसी लावून आपल्याच रस्त्याने नांदेडला नेऊन आणा. ऐंशी किलोमीटरला ४५ टक्के चार्जिंग उतरलं तर गाडी ठीक. साठ टक्के उतरलं तर एका चार्जिंगमध्ये जेमतेम १३० किलोमीटर. मग भाव पाडा नाहीतर सोडून द्या. आधी टॅक्सीला होती का, हेही विचारा. रोज फास्ट चार्जिंग आणि आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन, दोन्ही बॅटरीला सोसत नाही.

आता खर्च. एका खेपेला अकरा युनिट, महिन्याच्या तेरा खेपांना दीडशेच्या आसपास. शंभर युनिटच्या आतलं आपलं बिल वरच्या स्लॅबमध्ये जाणार, हे कुणी सांगत नाही! युनिटला पंधरा रुपये धरले तरी खेप १६५ रुपयांत होते. पेट्रोलला साडेचार लिटर लागतं.

आणि लाईट गेली तर? चार्जिंग साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर होतं, पण रात्रभर लागतं. म्हणून डायलिसिसच्या आदल्या संध्याकाळीच गाडी भरलेली हवी, पहाटेच्या भरवशावर राहायचं नाही. अर्थिंग नीट नसेल तर चार्जर चालूच होत नाही. आमच्या जुन्या घरात अर्थिंग नावालाच, म्हणून वायरमनला आधी बोलावलं. महावितरणकडे मंजूर भार किती आहे, तेही तपासायचंय.

कागदपत्रांत नमुना २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या लागतात. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि नमुना ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. भाऊजी रविवारी गाडी आणतायत. सासूबाईंना मागच्या सीटवर बसवून बघणार आहे. त्यांना पाय लांब करता आले तरच पुढचं बोलणं.