मोटारीवरचा ओरखडा

मोटारीच्या काळ्या दारावरचा हलका पांढरा ओरखडा पाण्याने भिजताच अदृश्य होतो आणि वाळताच पुन्हा हजर होतो, याचे कारण असे की ज्याला आपण रंग गेला म्हणतो तो बहुधा शाबूत असून, त्यावरील जेमतेम ५० मायक्रॉन जाडीच्या पारदर्शक लेपाला तेवढा चरा पडलेला असतो व त्याच्या कडांवरून प्रकाश इतस्ततः विखुरतो. पाणी तो चरा तात्पुरता भरते. पॉलिश मात्र, सुताराने रंधा मारावा तसे, सूक्ष्म कणांनी भोवतालचा लेपच घासून चऱ्याच्या तळाशी समतल करते. ही लेपाच्या शिलकेतली वजावटच असल्याने ती वारंवार परवडत नाही. ओरखडे घालवण्याबाबत टूथपेस्टची ख्याती आहे, तीही याच घर्षणामुळे. तरी तिची शिफारस मी करणार नाही. चऱ्यात नख अडकत असेल, तर घरगुती खटपट सोडून कारागीर गाठावा.