मुलींच्या खो-खो संघाचा हंगाम

श्रोतेहो, उत्तर अमेरिकेतील महाविद्यालयांत हिवाळा आला की विद्यार्थिनींचे बर्फावरील हॉकीचे संघ सामन्यांना सज्ज होतात. सुमारे ६० मीटर लांबीचे गोठविलेले मैदान, पायांत पात्यांचे बूट, २० मिनिटांचे तीन डाव आणि एका बाजूस एका वेळी सहा खेळाडू, असे त्या खेळाचे स्वरूप. आपल्याकडे लडाखच्या मुलींनी तो आपलासा केला, आणि २०२५ साली भारताच्या महिला संघाने आशिया चषक स्पर्धेत कांस्यपदकही मिळविले. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा अनेकदा ४५ अंशांना भिडतो. तेथे बर्फाचे मैदान कोण पोसणार? परंतु संघ, सराव, सामने आणि हंगाम यांना बर्फच लागते असे नाही. दोन खांब, थोडी फक्की आणि २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद अशी सपाट जागा मिळाली की महाविद्यालयीन मुलींचा खो-खोचा संघ उभा राहतो. या संघाचे वर्ष कसे जाते आणि त्याचे यश कशाने मोजावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम खेळ पाहू. पाठलाग करणाऱ्या संघाच्या नऊ खेळाडूंपैकी आठ जणी दोन खांबांना जोडणाऱ्या मध्यपाटीवर, एकीआड एक विरुद्ध दिशेस तोंड करून बसतात, नववी धावते. पळणाऱ्या संघाच्या तिघी-तिघी तुकडीने आत येतात. त्यांना बसलेल्या खेळाडूंच्या मधून हवे तसे जाता येते; धावणारीस मात्र मध्यपाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत गेल्याखेरीज बदलता येत नाही. म्हणून ती बसलेल्या सोबतिणीच्या पाठीस हात लावून ‘खो’ देते, आणि पाठलागाचे काम क्षणात दुसरीकडे जाते. प्रचलित पद्धतीत एकेक पाळी नऊ मिनिटांची असते. या नियमांतील मर्म असे, की येथे एकटीच्या वेगाला फारसे मोल नाही. बसलेली खेळाडू दिसते स्वस्थ. वस्तुतः तिचे सारे शरीर उठण्याच्या तयारीत असते. आठांपैकी एक जरी गाफील राहिली तरी साखळी तुटते. अर्थात हा खेळ रोज एकत्र बसल्यावाचून येत नाही.

मुलींच्या व्यायामाची कल्पना या भागास नवी नाही. शेजारच्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली निघाले, आणि त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन येथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. त्याच वर्षी विजयादशमीस लक्ष्मीबाई केळकर यांनी वर्ध्यास राष्ट्र सेविका समिती स्थापन केली. तिच्या कार्यक्रमात स्त्रियांच्या शारीरिक शिक्षणास स्थान होते. पुढल्याच वर्षी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्यास शिक्षण परिषद भरली आणि हाताला काम दिल्यावाचून बुद्धीचे शिक्षण पुरे होत नाही हा विचार देशापुढे आला. मुलींच्या राष्ट्रीय खो-खो स्पर्धा मात्र १९६०-६१ साली, कोल्हापुरास, प्रथम झाल्या.

आता हंगामाकडे वळू. वर्ध्याची जमीन बहुतांशी काळी. पावसाळ्यात तिचा चिखल पायांना धरून ठेवतो, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. म्हणून जूनमध्ये महाविद्यालय उघडले तरी खरा सराव पाऊस ओसरल्यावरच रंगतो. जिल्ह्यातील महाविद्यालये १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशी, म्हणजे आजच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी, जोडलेली आहेत. त्यामुळे पहिली पायरी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची. तेथे हरलेल्या संघाचा हंगाम बहुधा तेथेच संपतो. मात्र चांगल्या खेळाडूंची निवड विद्यापीठाच्या संघात होते. काल एकमेकींना बाद करणाऱ्या मुली आज एका पाटीवर बसतात, आणि हा संघ विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेस जातो. तेथे वरचढ ठरलेल्या संघांस अखिल भारतीय स्पर्धेचे दार उघडते.

म्हणजे महिनोन्‌महिने घाम गाळावा आणि एखाद्या सकाळच्या ३६ मिनिटांत सारे आटोपावे, असे पुष्कळ मुलींच्या वाट्यास येते. परंतु या हंगामास खरा धोका पराभवाचा नाही. हिंगणघाट, आर्वी, देवळी या बाजूच्या खेड्यांतून बसने येणाऱ्या मुलीस सायंकाळी सराव करावयाचा तर शेवटची बस चुकण्याची धास्ती असते. घरी स्वयंपाक तिची वाट पाहत असतो. परगावी सामने म्हटले की सोबत कोण, मुक्काम कोठे, हे प्रश्न निघतात. परीक्षा जवळ आली की प्रथम खेळ सुटतो, आणि लग्न ठरले की तो कायमचाच सुटतो. यांतील काही अडचणी खऱ्या आहेत. त्यांवर उपाय संस्थांनी केला पाहिजे. सरावाची वेळ बसच्या वेळेस जुळविणे, संघाबरोबर स्त्री शिक्षिका पाठविणे, मुलींसाठी कपडे बदलण्याची खोली ठेवणे, यांस मोठा खर्च लागत नाही. उरलेल्या अडचणी घराच्या मनात असतात, आणि त्या घरानेच दूर करावयाच्या आहेत.

खेळाचे फळ काय, असे विचारणाऱ्यांस दाखविण्याजोगी उदाहरणे आहेत. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीस पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताच्या महिलांनी नेपाळचा ७८ विरुद्ध ४० असा पराभव केला. त्या संघाचे नेतृत्व महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे यांच्याकडे होते. तथापि अशा शिखरावर पोचणाऱ्या थोड्याच. उरलेल्यांनी काय मिळविले? आपला ‘खो’ वेळेवर देणे, दुसरीच्या यशासाठी स्वस्थ पण सावध बसणे, आणि बाद झाल्यावर त्रागा न करता बाहेर येणे, हे त्या शिकल्या. संसारात आणि सार्वजनिक कामात याहून उपयोगी शिक्षण क्वचितच सापडेल.

म्हणून महाविद्यालयाच्या संघाचे यश कपाटातील चषकांवरून मोजू नये. दर वर्षी शेवटच्या वर्गातील मुली निघून जातात आणि पाटीवर तीन-चार जागा रिकाम्या होतात. त्या जागांवर पहिल्या वर्षाच्या किती मुली येऊन बसल्या, हे पाहावे. ती संख्या टिकली तर एखादा सामना हरूनही हंगाम सफल झाला असे समजावे; आणि ती टिकविणे प्रशिक्षकाच्या हाती जितके आहे, तितकेच, श्रोतेहो, आपल्या घरांतील सायंकाळच्या एका तासाच्या मोकळिकीवर अवलंबून आहे.