परभणीहून एकट्याने फुकेतला निघताना

गंगाखेडला गोदावरीत पोहायला शिकलेल्यांनी समुद्राला नदी समजू नये. नदीचा प्रवाह खाली नेतो. समुद्रात परतणाऱ्या पाण्याचा जोरदार पट्टा मात्र किनाऱ्यापासून आत ओढतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडा, मग वळा. जमत नसेल तर तरंगत राहून हात वर करा. फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर मे ते ऑक्टोबर समुद्र खवळलेला असतो. लाल बावटा दिसला की पाण्यात उतरूच नये. लाल-पिवळ्या बावट्यांमधल्या पट्ट्यावर जीवरक्षकांची नजर असते.

भाड्याची स्कूटर हा दुसरा मोठा धोका. नुसता भारतीय परवाना पुरत नाही. आरटीओकडून दुचाकीसाठीचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, तो वर्षभर चालतो. त्याविना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. पासपोर्ट गहाण ठेवून गाडी घेऊ नका. सामानात ई-सिगारेटही नेऊ नका, थायलंडमध्ये तिच्यावर बंदी आहे.

रोजचा मुक्काम घरी कळवा. थायलंडच्या पर्यटक पोलिसांचा क्रमांक: ११५५.