शेजारचं रान (लेखांक 6) : भोक पडलेला शिंपला

मागच्या आठवड्यात आपण खेतवाडीत होतो. मामांकडे वाढणाऱ्या सालिम अलींनी एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडलं आणि तिथे सोसायटीचे सचिव मिलर्ड यांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे त्यांच्यापुढे उघडले. एका डागाची गोष्ट कुणीतरी नीट सांगितली, म्हणून पुढचं सगळं घडलं. आज तिथून गिरगाव चौपाटीवर उतरू.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी लांबवर जाते. तेव्हा ओल्या वाळूत तिसरीसारखा एखादा शिंपला सापडतो, कडेजवळ गोल, गुळगुळीत भोक असलेला. मुलं तो दोऱ्यात ओवतात. ते भोक लाटेने पडलेलं नसतं. तिथे शिकार झालेली असते. मून स्नेल नावाची समुद्री गोगलगाय वाळूखालून सरकत येते, आपल्या रुंद मांसल पायाने शिंपल्याला कवटाळते, आम्ल सोडून कवच मऊ करते आणि दातेरी जिभेने खरवडत राहते. कित्येक तास हे काम चालतं. आरपार भोक पडलं की सोंड आत घालून ती मांस खाते. बोटाने चाचपून पाहा, भोक बाहेरून रुंद आणि आत निमुळतं लागेल. तिथेच जवळपास शर्टाच्या कॉलरसारखं वळलेलं वाळूचं कडं दिसलं, तर कचरा समजून लाथाडू नका. वाळू आणि चिकट स्राव मिसळून त्याच गोगलगाईने अंडी घातली आहेत.

मला वाटतं, माहितीफलकाने जे होत नाही ते अशा गोष्टीने होतं. शिकार, शिकारी आणि पुरावा एकदा हातात आला की माणूस आपोआप उकिडवा बसतो आणि पुढचं भोक शोधू लागतो. 2017 साली सुरू झालेल्या ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाच्या किनारफेऱ्या याच पद्धतीने चालतात. त्याच्या संस्थापकांपैकी एक, प्रदीप पाताडे, याच चौपाटीवर जलक्रीडा शिकवणारे. 2013च्या गणेशोत्सवात विसर्जनासाठी पाण्यात उतरलेल्या अनेक भक्तांना पाकटांनी दंश केला. त्यानंतर या किनाऱ्याखाली काय काय राहतं याचा ते बारकाईने शोध घेऊ लागले.

पाकटाची गोष्टही सांगायलाच हवी, कारण ती न सांगितल्यामुळे नुसती भीती उरते. पाकट माणसाच्या मागे लागत नाही. उथळ पाण्यात वाळू अंगावर ओढून ते पडून असतं. पाय थेट पाठीवर पडला की शेपूट उसळते आणि तिच्यावरचा दातेरी, विषारी काटा रुततो. म्हणून पाण्यात पाय उचलून टाकू नयेत, तळ घासत चालावं; चाहूल लागली की ते निघून जातं. दंश झालाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवावा, कारण उष्णतेने विषातली प्रथिनं निकामी होतात. मग लगेच डॉक्टर गाठावा. गिरगावातल्या प्रत्येक मंडळाने मूर्ती निघण्याआधी कार्यकर्त्यांना एवढं सांगावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

किनारफेऱ्यांमधून नोंदीही उभ्या राहिल्या. हाजीअलीच्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहेत हे अनेक मुंबईकरांना सागरी किनारा मार्गाच्या वादात कळलं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांना वाघाइतकंच संरक्षण आहे. 2020 साली हाजीअली आणि वरळीच्या प्रवाळांच्या 18 वसाहती तिथून हलवण्यात आल्या. रस्ता झाला. पण त्या खडकांवर कोण राहत होतं याची नोंद कुणीतरी वाकून, पाहून आधी केली नसती, तर भरावाखाली काय गेलं हे विचारणारंही कुणी नसतं.

पुढच्या लेखात शिवडीच्या चिखलातले रोहित पक्षी.