बदल तेवढाच टिपणारा डोळा

रोजमेळ लिहिण्याची रीत व्यापारी घरातील मुलांना लहानपणापासून ठाऊक असते. व्यवहार झाला की नोंद. व्यवहार नसेल तर लेखणी स्वस्थ. दर मिनिटाला गोदामातील प्रत्येक पोते नव्याने मोजून वहीत उतरविणारा मुनीम कोणी नोकरीस ठेवणार नाही. परंतु खिशातील कॅमेरा नेमके हेच करीत असतो. समोर रिकामी भिंत असली तरी चित्रीकरण करताना त्याचा संवेदक सेकंदाला ३० वेळा साऱ्या दृश्याची नव्याने नोंद घेतो. त्यातील बहुतेक माहिती मागच्या क्षणाचीच असते. ती वाहण्यात आणि तपासण्यात वीज मात्र खर्च होत राहते.

मानवी डोळा इतका उधळा नाही. दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या सुमारे १२ कोटी पेशी आहेत. पण तेथून मेंदूकडे जाणारे मज्जातंतू सुमारे १० लाखच आहेत. म्हणजे कच्चा माल जसाच्या तसा मेंदूकडे जात नाही. शेजारच्या भागाहून कोठे उजेड अधिक आहे, कोठे कमी आहे, कोठे हालचाल झाली, याचा सारांश दृष्टिपटल स्वतःच काढते. आणि हा सारा संसार चालविणारा मेंदू वापरतो साधारण २० वॅट, एका लहान दिव्याइतकी शक्ती.

ही काटकसर सिलिकॉनमध्ये उतरविता येईल काय, हा प्रश्न अमेरिकेतील कॅलटेक या संस्थेतील प्राध्यापक कार्व्हर मीड यांनी १९८०च्या दशकात हाती घेतला. चिपच्या रचनाशास्त्रात त्यांचे नाव आधीच मोठे होते. संगणकात ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू असतो किंवा पूर्ण बंद. या दोन टोकांच्या खालच्या अंगाला, बंद समजल्या जाणाऱ्या अवस्थेतही, त्यातून अतिसूक्ष्म प्रवाह वाहतो. विद्युत्दाब किंचित वाढविला की तो प्रवाह पटीपटीने वाढतो. मज्जापेशीच्या आवरणातील प्रवाहांचे वर्तनही असेच असते, हे साम्य मीड यांनी हेरले. शिवाय दोन तारा जेथे मिळतात तेथे प्रवाहांची बेरीज आपोआप होते. त्यासाठी वेगळे गणित मांडावे लागत नाही. निसर्गनियमांकडूनच हिशेब करून घेणाऱ्या अशा मंडलांना त्यांनी ‘न्यूरोमॉर्फिक’, म्हणजे मज्जासंस्थेच्या घडणीची, असे नाव दिले.

या कल्पनेला डोळा दिला तो त्यांची विद्यार्थिनी मिशा महोवाल्ड यांनी. जीवशास्त्राचे शिक्षण घेऊन त्या या क्षेत्रात आल्या होत्या. त्यांच्या सिलिकॉन दृष्टिपटलात प्रत्येक बिंदू आपला उजेड शेजाऱ्यांच्या सरासरीशी ताडून पाहतो आणि फरक तेवढा पुढे कळवितो. १९९१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातून हे काम सामान्य वाचकांपर्यंत पोहोचले. हजारो बिंदूंना हजारो तारा जोडणे अशक्य. म्हणून ज्या बिंदूला काही सांगायचे आहे त्याने सामाईक तारेवर फक्त आपला पत्ता धाडावा, ही पद्धतही त्यांनी घडविली. मज्जापेशींचा व्यवहार मिलिसेकंदांत चालतो, तर तारेचा त्याहून कितीतरी पट वेगाने. त्यामुळे एका तारेवर सर्वांची सोय होते. महोवाल्ड १९९६ मध्ये, अवघ्या ३३व्या वर्षी निवर्तल्या. त्यांची ही पत्त्याची पद्धत आजही वापरात आहे.

पुढे झुरिच येथे टोबी डेलब्रुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ बदल टिपणारा कॅमेरा तयार केला. २००८ मध्ये त्यांनी वर्णन केलेल्या संवेदकात १२८ गुणिले १२८ बिंदू होते. उजेड वाढला वा घटला तरच बिंदू बोलतो, एरवी मौन पाळतो. लखलखीत ऊन आणि दाट सावली एकाच दृश्यात असली तरी तो गोंधळत नाही. त्याच्या आधारे चेंडू अडविणारे एक यंत्र बनविले गेले. चेंडू दिसल्यापासून सुमारे ३ मिलिसेकंदांत ते हालचाल करी.

मग असे कॅमेरे घरोघर का नाहीत? ॲनालॉग मंडलाची अडचण अशी, की एकाच साच्यातून निघालेले दोन ट्रान्झिस्टरही तंतोतंत सारखे नसतात. चालू-बंद पद्धतीत हा फरक पचून जातो. सूक्ष्म प्रवाहांच्या हिशेबात तो खटकतो. म्हणूनच आयबीएमने २०१४ मध्ये ‘ट्रूनॉर्थ’ ही १० लाख कृत्रिम मज्जापेशींची चिप बनविताना डिजिटल मार्ग पत्करला. तरीही तिची भूक मिलिवॅटमध्येच मोजावी लागे. दुसरी मर्यादा अशी की कॅमेरा आणि दृश्य दोन्ही स्थिर असतील, तर बदल टिपणाऱ्या डोळ्याला काहीच दिसत नाही. कुटुंबाचे छायाचित्र घेण्यास तो निरुपयोगीच.

व्यापाराच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मीड आणि पहिल्या मायक्रोप्रोसेसरचे एक शिल्पकार फेदेरिको फाजिन यांनी १९८६ मध्ये ‘सिनॅप्टिक्स’ ही कंपनी स्थापिली, ती मेंदूसदृश मंडलांच्या ध्यासातून. बाजारात ती नावाजली मात्र लॅपटॉपवर बोट फिरविण्याच्या टचपॅडमुळे. मांडलेला माल एक, खपलेला दुसरा. परंतु संवेदकाचे सूक्ष्म इशारे वाचण्याची विद्या वाया गेली नाही.

आज ही विद्या कानातील श्रवणयंत्रे, अंगावर बाळगायची आरोग्य-उपकरणे आणि घरात वृद्ध पडल्यास इशारा देणारे संवेदक यांच्या दृष्टीने मोलाची ठरू पाहत आहे. संवेदकापाशीच निवड झाली, तर बॅटरी दीर्घकाळ पुरेल आणि घरातील प्रत्येक क्षण दूरच्या संगणकाकडे धाडावा लागणार नाही. तथापि चित्र नाही म्हणजे खासगीपण अबाधित, असे समजणे भोळेपणाचे होईल. निव्वळ बदलांच्या नोंदींवरून मूळ दृश्य बरेचसे पुन्हा उभे करता येते, हे संशोधकांनी दाखवून दिले आहे. नोंद थोडी असो वा फार, वही कोणाच्या हाती आहे हे पाहावेच लागते. असे उपकरण घरात आणताना किंमत आणि बॅटरी यांच्या जोडीने हाही प्रश्न दुकानदाराला अवश्य विचारावा.